दाराजवळची ओळ

९ नोव्हेंबर १९९७, मुक्काम अष्टमी गाव (रोहा)

ही डायरी शरीफचाचांनी मला जानेवारीत दिली आणि आता नोव्हेंबर लागला. एवढे महिने ती उशीखाली पडून होती. रोज ठरवायचो, आज लिहू. मग कुणी हाक मारायचं, नाहीतर कुंडलिका नदीवर कुणी गळ टाकून बसलेलं दिसायचं, की गेलोच. डायरी मस्कतची आहे. एका बाजूनं इंग्रजी तारखा, दुसऱ्या बाजूनं अरबी, आणि पहिलं पान नक्की कुठलं तेच कळत नव्हतं. हे एक कारण. खरं कारण आळस.

पहिल्या पानावर नावगाव लिहायचं असतं. नाव जनू. गाव हमरापूर, पेणजवळ, घरटी गणपती बनतात तिथलं. शाळा नववीत सुटली. मग खोपोलीला टेम्पोवर क्लीनर, अलिबागला बर्फाच्या कारखान्यात, मध्ये एकदा तमाशाच्या ट्रकबरोबर पार फलटणपर्यंत. आता इथं, शरीफचाचांच्या हरितगृहात. पाटीवर हरितगृह लिहिलंय, येणारेजाणारे प्लास्टिकचं घर म्हणतात. चाचा मस्कतला बरीच वर्षं अशाच घरांत टोमॅटो पिकवत होते. तिकडचं सगळं विकून इथं हे उभं केलं. झाडं दोरीवर चढवलेली, माणसाहून उंच. बाजूचे फुटवे रोज खुडायचे, शेंडा दोरीला गुंडाळायचा, झालं काम. दाराजवळची ओळ सगुणामावशीची, मधल्या माझ्या, पाठच्या चाचा आणि अजराचाचीच्या.

मुद्दा राहिलाच. दिवाळीत मी हमरापूरला जाऊन आलो.

आत्याच्या दारात गेलो नाही. बायजाआत्यानं मला वाढवलं, आणि मी डोळ्यांची आखणी शिकायच्या वेळेला पळालो. गणपतीचे डोळे आखायला माणूस एका जागी बसावा लागतो. तीन वर्षं झाली, आता कोणत्या तोंडानं जाणार? पडवीत तिच्या खोकण्याचा आवाज येत होता. मी पाठीमागनं गेलो, जिथं तिच्या गणपतीच्या कारखान्यातलं ब्रश धुतलेलं पाणी टाकतात तिथं. तिथं तिची टंबाटी उगवतात. चपटी, चुण्यांची, आंबट. सुकटीत घातली की अख्ख्या आळीला कळायचं आज बायजाबाईकडं काय शिजतंय. बी ती राखेत चोळून पेपरावर वाळवायची आणि पुन्हा तिथंच फेकायची. पानं कायम कबरी असायची, फिकट-गडद. लहानपणी मला वाटायचं रंगाच्या पाण्यानं होतं तसं. गुलाबी पाणी पिऊन टंबाटी लाल होतात, असं मी शाळेत सांगितलं होतं आणि मार खाल्ला होता.

एक रोप उपटलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि एसटी धरली.

चाचांचा नियम आहे, बाहेरचं पान आत नाही. पण पाण्याच्या पिंपामागं, दाराजवळच्या ओळीच्या टोकाला, थोडी जागा आहे. कुणाला काय दिसतंय.

१५ नोव्हेंबर

चाचांनी नवीन कायदा काढला. झाडाला हात लावायच्या आधी बोटं दुधात बुडवायची. रोग पसरत नाही म्हणे, मस्कतला असंच करायचे. पावडरीचं दूध कालवून दाराशी वाडगा ठेवला.

सगुणामावशी वाडग्याकडे बघतच राहिली. ती खाडीकडची, अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. "दूध प्यायचं असतं रं. माज्या नातवाला भेटत नाय आनि मी यात बोटं बुडवू? पाप लागंल."

"मस्कतला बुडवतात मावशी."

"मंग मस्कतच्या गाई कावऱ्याबावऱ्या झाल्या असतील."

तिनं पदराला बोटं पुसली आणि कामाला लागली. मी दुपारी त्या दुधाचा चहा केला. चांगला झाला. आता रोज चाचा जेवायला गेले की चहा.

२ डिसेंबर

मावशीला रोप सापडलं.

पिंपामागं वाकून म्हणाली, "अगो बाय, तू कोनाची?" रोपालाच. मग माझ्याकडे वळून, "हे घरचं टंबाटं हाय. हे चाचाचं नाय."

मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खरंच सगळं, आत्या, कारखाना, आतोबांचा साचा, सुकट. फुटवे खुडताना बोलायला माणूस लागतोच. ती मान हलवत होती आणि मिश्रीनं दात घासत होती. नंतर एवढंच म्हणाली, "एवडी याद येते त भेटून येवाचा व्हता."

याद कसली? मला फक्त त्या टंबाट्याची चव हवी होती.

आता ती रोज सकाळी आधी त्या रोपाचे फुटवे खुडते, मग तिथनं आपली ओळ धरते.

२१ डिसेंबर

मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. नदीत गळाला दोन शिंगाळे मासे लागले.

आज माझ्या मधल्या ओळीत एका झाडाची पानं दोरीसारखी बारीक झालेली दिसली. आकसलेली, सुरकुतलेली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून जास्त सोडलं. शेजारच्या झाडांचेही फुटवे खुडून टाकले, हवा लागावी म्हणून.

२८ डिसेंबर

पाण्याचं कारण नव्हतं. मधल्या ओळी गेल्या. पाठच्याही. फळं आतून तपकिरी. चाचा ओळीओळीतून फिरत होते. एकेक फळ फोडून बघत होते. हा माणूस ओरडतो तेव्हा बरा असतो.

मग दाराशी आले. मावशी मिश्री लावत बसली होती, बोटं काळी.

"सगुणाबाई, हे काय?"

"मिश्री हाय."

"तंबाखू आहे ती. तंबाखूत हाच रोग असतो. मस्कतला तंबाखूवाल्याला दारातनं आत घेत नसत. मी दूध ठेवतो, तू हात बुडवत नाहीस. तुझ्या या बोटांनी माझं सगळं घर गेलं."

"माजी ओल बघ शरीफभाय. बरी हाय."

"आज बरी. उद्या?"

अजराचाची मध्ये पडली, "अवो, इतकी वर्सं कामाला हाय ती, अशी नका बोलू." चाचा ऐकेनात. शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली होती, सगळ्यांनी ऐकलं.

मावशीनं पिंपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं पाणी मागतेय, म्हणून तांब्या भरून आणला. तिनं घेतला नाही.

"बरं," ती म्हणाली, "माज्या हातानं झालं असंल त झालं." चप्पल घातली आणि पुलाकडे गेली. मिश्रीची डबी कठड्यावर तशीच राहिली.

संध्याकाळी बाजारात गेलो तर वाण्याच्या दुकानात आधीच बोलणं चाललं होतं, मिश्रीवालीनं शरीफला बुडवला. उद्या तिला फुटवे खुडायला कोण घेईल? भाजीवालीसुद्धा आधी तिचे हात बघेल, मग भाजीला हात लावू देईल.

७ जानेवारी १९९८

डायरी संपली, वर्ष संपलं. तारखा खोडून पुन्हा पहिल्यापासून लिहितोय. अरबी बाजूनं.

चाचांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेला फोन केला होता, तिथनं कमळाकर सर आले. बारीक माणूस, पायात स्लीपर, खांद्याला शबनम. रोजे चालू आहेत म्हणून चाचा पाणीसुद्धा घेत नव्हते, तर सरांनीही चहा नको म्हटलं. एवढ्यावरच चाचांना माणूस आवडला.

चाचा म्हणाले, "सगळं उपटून जाळतो. फक्त मला सांगा, कुठनं आलं? त्या बाईच्या हातनंच ना?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? त्या बाई कुठायत?"

"घालवली."

सरांनी चष्मा पुसला. मग ओळीओळीतून पानं तोडून बर्फाच्या पेटीत ठेवू लागले. दाराजवळच्या ओळीपाशी थांबले ते थांबलेच. पानं जराशी कबरी, फिकट-गडद, पण झाड उभं, फळ गोल. "हिला काय झालंय?" स्वतःशीच म्हणाले. शेवटी पिंपापाशी पोचले.

"हे कुठलं?"

"आपोआप उगवलं असेल," मी म्हणालो.

त्याचंही पान घेतलं. डबीतली चिमूटभर मिश्रीसुद्धा घेतली. निघताना चाचांना सांगितलं, "बाकीचं जाळा, पण ही एक ओळ ठेवा. माझ्यासाठी."

१६ जानेवारी

मधल्या आणि पाठच्या ओळी जाळल्या. ओला धूर दिवसभर. अजराचाची तोंडाला ओढणी लावून बघत होती. काल-परवा संक्रांत झाली ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. आत्या संक्रांतीला तिळाचे दाणे शाडूच्या उंदरांसमोर ठेवायची, त्यांनाही सण हवा म्हणून. तो शाडूचा वास मला कधी कधी अजून येतो, कुठंही, काहीही कारण नसताना.

दाराजवळच्या ओळीला मीच पाणी घालतो. रिकाम्या घरात ती एकच हिरवी.

२७ जानेवारी

चाचांनी सुतळी आणायला कोलाडला पाठवलं. सुतळीचं दुकान हायवेच्या अलीकडे, पण मी स्टेशनवर गेलो, कारण आता कोकण रेल्वे थेट गोव्यापर्यंत जाते असं सगळे म्हणतात आणि मला बघायचं होतं. दोन गाड्या बघितल्या. मग भूक लागली.

हायवेच्या हॉटेलात मिसळ खात होतो तर गल्ल्यावर एक छोटा गणपती. सहज त्याच्या उंदराकडे बघितलं. डाव्या कानाचं टोक नाही.

घास तसाच राहिला. तो आतोबांचा साचा! आम्ही लहान असताना साचा काढायचा मूळ उंदीर मांजरीनं फळीवरनं पाडला होता आणि कानाचा टवका उडाला. सगळे म्हणाले टाकून द्या. आतोबा म्हणाले, "राहू दे, आपल्या उंदराला ओळख झाली." तेव्हापासून त्या साच्यातनं निघालेल्या प्रत्येक उंदराला तोच तुटका कान. पुढं दुसऱ्या कारखानदारानं आमच्या मूर्तीवरनं साचा काढला, तर त्याच्याही उंदराला तोच. आतोबा बाजारात हिंडून उंदीर बघायचे आणि सांगायचे, हा आपला, हा आपल्या साच्याच्या साच्यातला, हा परका. रंग, सोंड, मुकुट, कशानं फसायचे नाहीत.

मालकाला विचारलं कुठनं आणला. "पेणवरनं, कधीतरी. का?"

काही नाही म्हटलं. बिल दिलं आणि पुन्हा बसलो. अजून एक चहा घेतला. सुतळी आणायची राहिली.

३ फेब्रुवारी

ईद झाली, लगोलग माघी गणपती झाला. चाचीनं शीरखुर्मा दिला तो डब्यात भरून सगुणामावशीच्या गावी गेलो. मिश्रीची डबीही घेतली होती, परत द्यायला. दाराला कडी.

शेजारीण म्हणाली, "कुटं गावंल ती? हितं कोन काम देतंय तिला. पेनकडं गेली, गनपतीच्या मातीकामाला."

"कुणाच्या कारखान्यात?"

"मला काय ठावं. तूच सांगितलास ना तिला तिकडचं सगलं. नाव घेत व्हती तुजं."

मी नक्की काय सांगितलं होतं? मी बोलतो फार. शीरखुर्मा शेजारणीच्या पोरांना दिला.

परत येऊन पिंपामागचं रोप बघितलं. चांगलं फोफावलंय, खाली वाकलंय फळांनी. मी ते कधी बांधलं नव्हतं. आज लक्षात आलं, कुणीतरी बांधलंय. हिरव्या लुगड्याचा काठ फाडून, नीट दुहेरी गाठ मारून.

त्यातलं एक टंबाटं पिकलं होतं. तोडलं नाही.

१ मार्च

सर आले. मोठे कागद पसरून बसले, आम्ही तिघं भोवती. हे मला समजलं तसं लिहितो.

विषाणूच्या पोटात चार अक्षरं असतात, तीच उलटसुलट, हजारोंची माळ. तो झाडात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. नकला काढताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. चूक त्याच्या पुढच्या सगळ्या नकलांमध्ये उतरते. दोन ठिकाणचे विषाणू घेतले, माळा शेजारीशेजारी ठेवल्या आणि चुका जुळवल्या, तर कोण कुणाच्या वंशातला ते कळतं.

"म्हणजे उंदराचा कान," मी म्हणालो.

सरांना कळेना. मग मी साच्याचं सांगितलं. सर एवढे खूश झाले की मांडीवर थाप मारली. "हेच! मी वर्गात तासभर घालवतो यासाठी."

मग पुढचं त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. मधल्या आणि पाठच्या ओळींतला विषाणू एका साच्यातला. पुण्याकडच्या एका हरितगृहात हेच पाकिटातलं बी लावलं होतं, तिथंही हाच, टवक्याला टवका जुळतो. म्हणजे बहुतेक बियांबरोबर आला.

"आणि मिश्री?" चाचीनं विचारलं.

"मिश्रीतला या कारखान्यातलाच नाही. लांबचा भाऊबंद. त्याचा इथल्या एकाही झाडाशी संबंध लागत नाही."

चाचा खाली बघत होते.

"गंमत पुढंच आहे," सर म्हणाले. "दाराजवळच्या ओळीतही विषाणू आहे. पण साचा वेगळा. सौम्य जातीचा. पानं जरा कबरी करतो, बाकी झाडाला त्रास नाही. आणि तो एकदा झाडात बसला, की त्याचा दांडगा भाऊ आला तरी त्याला सहसा शिरता येत नाही."

"भाडेकरू आधीच बसलाय," चाचा हळू म्हणाले, "दुसऱ्याला खोली नाय."

"अगदी. एका शेडवरून मी छातीठोक सांगणार नाही, पुन्हा लावून बघावं लागेल. पण ही ओळ जगली ती यामुळे, असं मला वाटतं. हा सौम्य विषाणू अक्षराला अक्षर तोच आहे, जो त्या पिंपामागच्या रोपात आहे. रोपातनं ओळीत हातानं गेला. रोज आधी ते रोप खुडून मग ओळीत जाणारं कुणीतरी होतं. आणि हात दुधात न बुडवणारं."

चाचीनं पिंपाकडे मान वळवली.

"ते रोप आणलं कुणी?" चाचांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "हमरापूरवरनं. आत्याचं."

"नियम माहीत होता?"

"होता."

"सगुणाला माहीत होतं, तू आणलंस ते?"

मी हो म्हणालो, आणि म्हणतानाच मला तो तांब्या आठवला. काय बघत होती ती माझ्याकडे, आणि मी पाणी आणून दिलं.

चाचांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. उठले, पिंपामागं गेले, ती लुगड्याची पट्टी बोटांनी चाचपून बघितली. मग म्हणाले, "बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो होतो मी तिला. आणायला मीच जाणार. उद्या."

२ मार्च

सकाळी चाचा जीप घेऊन निघाले. आधी मावशीच्या गावी जाऊन पत्ता काढणार, मग पेण. मला म्हणाले, चल. मी म्हणालो, ठिबकची नळी गळतेय. नळी गळत नव्हती.

मावशी हमरापुरातच असणार. दुसरं कुठं? मी तिला घरांची नावं, वळणं, विहीर, सगळं सांगून ठेवलंय. कुणाच्या पडवीत माती मळत असेल, कोणास ठाऊक. कुणी का असेना, आखणीच्या खोलीतनं येणारा तो वार्निशचा वास तिला येत असेल, दुपारी पत्र्यावर चिंच पडल्याचा आवाज येत असेल. मला तिचा हेवा वाटला, खरंच लिहितो. कामावरनं हाकललेल्या बाईचा हेवा.

ती येईल का, हा प्रश्न आहे. मी असतो तर आलो नसतो. चाची म्हणते, येईल. तिनं दुपारपासून कोळंबीचा रस्सा करायला घेतलाय आणि शेजारच्या बांधावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय, त्याच सगळ्यांना, ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं. त्यांच्यासमोरच चाचांना बोलायचंय. सरांच्या कालच्या कागदातलं काय सांगायचं ते चाचीनं मला पाठ करायला लावलं. मी म्हटलं, कागद नको, मी उंदराचं सांगतो, सगळ्यांना कळेल.

मी दाराजवळची ओळ खुडली. आधी पिंपामागचं रोप, मग ओळ, मावशी करायची तसंच. मिश्रीची डबी पुसून कठड्यावर जिथल्या तिथं ठेवली. वाडगा घासून पालथा घातला.

ऊन उतरलं. कंपनीच्या शिफ्टचा भोंगा झाला. पुलावर जीपचा आवाज आला, लिहिता लिहिता ऐकतोय. आता फाटकाशी थांबली. दोन दारं वाजली, म्हणजे मावशी आली! तिसरंही वाजलं.

चाची फाटकातनं ओरडतेय. "जनू! अरे जनू, कुटं लपलायस? सगुणा आली. आनि तिच्यासंगती कोन म्हातारी हाय, लय खोकते. रंगाचे हात तसेच घेऊन आलीय. म्हनते, आधी माजं टंबाट्याचं रोप दाखवा, मग ते नेनारा दाखवा."